घोट आधी मास्तरांचा

अमरावती, ४ जून १९३४

सुटलो एकदाचा. अकोल्याच्या शाळेत नऊ वर्षं हेडमास्तरांची कुरकुर ऐकून कान किटले होते. आज सकाळी गाडीतून उतरलो आणि टांग्यानं थेट डॉक्टर बापूसाहेबांच्या दवाखान्यात आलो. गावाबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला, कौलारू आणि झाडून-पुसून लख्ख. मला स्वतंत्र खोली, टेबल, वर पंखा ओढायला गडी. सासुरवाडीत एवढी बडदास्त नव्हती.

काम असं. नारू होऊच नये म्हणून बापूसाहेबांनी औषध काढलंय. त्याचा गुण येतो की नाही हे माणसांवर पाहायचं आणि त्याआधी त्या माणसांना सगळं त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं. समजावणारा मी. बापूसाहेबांची मराठी विलायतेत धुऊन आणल्यासारखी, ती इथे कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

७ जून

भातकुलीकडचे माळी आले, बावीस जण. नारू कधीच न झालेले. मी फळ्यावर दोन बाटल्या काढल्या, एक लाल, एक पिवळी. म्हटलं, एकीत औषध कालवलेलं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. कोणतीत काय हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही, कारण कळलं की मन खेळ करतं. महिनाभर रोज एक पेला. नको वाटलं तर उठून घरी जा, कोणी अडवणार नाही. वर्षानं मोजू, नारू कोणाला झाला आणि कोणाला नाही. इतकं सरळ मी शाळेतही कधी शिकवलं नव्हतं. स्वतःवरच खूश झालो.

त्यांच्यातली पार्बताबाई मोठी खमकी. वांगी पिकवते, बाजारात विकते. नवऱ्याचा, शेषरावाचा, पाय नारूनं कायमचा आखडलाय. पोरीला, शालूला, तसं होऊ नये एवढाच तिचा ध्यास. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, की मास्तर, तुमचं सांगनं बराबर हाय, पन आमच्या मळ्यात नवं काही खायाले देनारा पहिले सोता घास घेते. तुमी पहिले प्या, मंग आमी पिऊ. चांगलं निघालं त पुढच्या वर्साले शालूले आनीन. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी दोन्ही बाटल्यांतला एकेक घोट घेतला आणि बावीसच्या बावीस जण राजी झाले.

१६ जून

रोजचे दोन घोट चालू आहेत. पाण्याला शेवाळाचा वास येतो, पण माणसं माझ्या घशाकडे पाहत असतात, तेव्हा तोंड वाकडं करून चालत नाही.

मागच्या पडवीत नारू निघालेले रोगी असतात. आज तिकडे गेलो, जायला नको होतं. घोट्यावरचा फोड फुटतो आणि आतून पांढरा दोरा डोकावतो, शेवईएवढा. जिवंत. तो काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा. घाई केली आणि तुटला, की आत सडतो, पाय पुवानं भरतो. आग थांबावी म्हणून सगळे एकाच टपात पाय सोडून बसतात, आणि पाण्यात टेकल्याबरोबर तो दोरा दुधासारखं काहीतरी सोडतो. शिसारी आली. दुपारचं जेवण गेलं नाही.

२ जुलै

कंपाउंडर खुशालराव तो टप कुठे रिकामा करतात ते आज पाहिलं. मोरीत नाही, मागच्या हौदात. विचारलं तर म्हणाले, सायबाचा हुकूम हाय, पंधरा दिवस मुरू द्या लागते. मग त्याच हौदातून त्यांनी घागर भरली. घागरीतून बाटल्या भरल्या. लाल. पिवळी. दोन्ही.

तिथेच ओकलो. बोटं घालून पुन्हा ओकलो. पंचवीस दिवस पितोय मी हे. पंचवीस दिवस पाजतोय.

३ जुलै

बापूसाहेब चिडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, नारूचं बी पोटात गेल्याशिवाय औषधानं तो अडला हे कळणार कसं? लोक आपल्या गावी पिऊन येतील म्हणून किती वर्षं वाट पाहायची? मी प्यायलो हे ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. दोन्ही बाटल्यांतलं प्यायलात, मग मास्तर, तुम्ही मोजणीतून बाद.

त्यांच्या मिशीला साय लागली होती. तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. चहा प्यायलो.

६ जुलै

शेवटचा पेला. आज सांगणारच होतो. पार्बताबाईनं माझ्यासाठी कोवळी वांगी आणली होती. म्हणाली, मास्तर, तुमी पेले म्हनून आमी पेलो, न्हाई त कोन भरोसा ठेवते. मी वांगी घेतली आणि जपून जा म्हणालो. भेकड मेला. उद्या अकोल्याला निघतो.

अकोला, १९ मे १९३५

जिभेखाली गाठ. मिठाच्या गुळण्या केल्या. आग, नुसती आग.

२४ मे

गाठीचा फोड झालाय. आत वळवळतं. जेवताना, बोलताना. स्वतःच्याच तोंडाची किळस येते. इथले वैद्य हात लावेनात. बापूसाहेबांकडेच जायचं. आणि कुठे जाऊ?

अमरावती, २७ मे

फोड फुटला. दीड बोट बाहेर आलाय. काडीवर गुंडाळून काडी दाढेला बांधलीय. जीभ सुजून टाळूला लागली. महिनाभर बोलायचं नाही — तुटला तर घसा सडेल, म्हणतात. चव लागते त्याची. गोडसर.

२८ मे

पडवीत औषध प्यायला आलेली नवी माणसं. चाळीस. पुढे पार्बताबाई, शालूला घेऊन. बाईच्या घोट्यावर फोड — काटा रुतला म्हणते.

हात हलवले. पाटीवर लिहिलं. चाळिसांत अक्षर ओळखणारं एक नाही. मला दुखतंय असं वाटून तिनं डोक्यावरून हात फिरवला. पाटी खुशालरावांनी पुसली.

२९ मे, सकाळ

बापूसाहेब समजावताहेत. माझंच वाक्य न् वाक्य — पाठ केलंय. नको वाटलं तर उठून जा, हेसुद्धा. मास्तर आधी प्यायले होते, विचारा पार्बताबाईंना. ती हो म्हणते.

दोन पेले उलथले मी. खुशालरावांनी धरून खाटेवर आणलं. ताप चढलाय त्याईले, म्हणाले.

दार उघडं आहे. रांग दिसते. शालू सहावी. एक वाक्य बोलता आलं पाहिजे. एकच.

तिसरा प्यायला.

काडीनं जीभ जखडलीय; ती सोडवली. टोक चिमटीत — निसरडं — ताणलं की घशापर्यंत —

चौथा —

तुटला. तोंड भरलं. पार्बता, पाजू नको तिला — हे लिहीत काय बसलोय, ओरड की —