अण्णांचा ऐरावत

प्रभादेवी, ६ ऑक्टोबर १९५६

ती. अण्णास वासंतीचा शि. सा. न. वि. वि.

तीन वर्षं नंबर लावून ऐरावत मोटार मिळतेय, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने गिरगावभर पेढे वाटावेत हे रास्तच. पण दसऱ्याला दहा चाळीसच्या मुहूर्तावर गाडी हवी, आणि 'हे' कारखान्यात तपासनीस असल्यामुळे सही पटकन करून टाकावी, असं लिहितोस, तिथे माझा पेन अडतो.

बाबांच्या वेळची ऐरावत राहिली नाही रे. नवे मॅनेजर आल्यापासून काटकसर चाललीय. सीटमधले घोड्याचे केस गेले, काथ्या आला. बॉनेटवरचा पितळी हत्ती पत्र्याचा झाला, आणि पत्रा वाचावा म्हणून त्याची सोंडही रद्द झाली. लांबून आता डुक्कर दिसतो. हॉर्नच्या बटणाखाली पितळी स्प्रिंग होती, तिथे पत्र्याची पट्टी. यांनी चाळीस गाड्या अडवून ठेवल्यात. मॅनेजरनी सांगितलंय, महिनाअखेर सह्या करा नाहीतर राजीनामा लिहा. एकवीस वर्षांची नोकरी आहे. तेव्हा तुझी गाडी तरी यांना नीट तपासू दे, पाडव्याला घे.

राजलक्ष्मी वहिनीला नमस्कार. रागावलास तर पत्रातून रागाव, म्हणजे उत्तर देता येईल.

तुझी वासंती

गिरगाव, १६ ऑक्टोबर

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याला सोनं द्यायला आलो नाही, कारण मला अटक झाली होती. क्रमाने सांगतो.

कारखान्यात तुझे मनमोहनराव तपासायला गाडीखाली शिरणार तोच दहा अडतीस झाले. मी म्हटलं, मुहूर्त टळतोय, आणि ऐरावतला तपासायचं म्हणजे गंगेला आंघोळ घालण्यापैकी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीकडे न पाहता सही केली.

शिवडीहून तुझ्याकडे निघालो, तर लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, बंदीहुकूम मोडून निघालेला. मी जन्मात घोषणा दिलेली नाही. सरकारी पेन्शन खाणाऱ्याने तोंड फक्त खायला उघडावं. वाट मिळावी म्हणून हॉर्न दाबला. बटण खाली गेलं ते वर आलंच नाही. लोकांना वाटलं, मी पाठिंबा देतोय. त्यांनी वाट दिली ती थेट मोर्चाच्या पुढे. बिनसोंडेच्या हत्तीला झेंडूचा हार पडला. तुझी वहिनी आधी पदराआड लपली. परळ नाका येईपर्यंत मात्र तीच खिडकीतून अर्धी बाहेर येऊन 'झालाच पाहिजे' ओरडत होती. फौजदार म्हणाला, हॉर्न बंद करा. मी म्हटलं, होत नाही. त्याला तो बाणेदारपणा वाटला. पाऊण तासाने बॅटरी संपली, तेव्हा शांतता झाली आणि मला पकडलं. संध्याकाळी जामिनावर सोडलं.

बावीसला खटला आहे. वकील म्हणतात, गाडी सदोष होती अशी कंपनीकडे तक्रार करा, नक्कल कोर्टात द्या, सुटाल. उद्या बसून अशी तक्रार लिहितो की मॅनेजरच्या कानातले किडे झडतील.

सोनं उशिराचं गोड मानून घे.

तुझा अण्णा

प्रभादेवी, १८ ऑक्टोबर

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की आमटी करपली. मग हे घरी आले आणि हसू गिळावं लागलं.

मॅनेजर तुझ्या तक्रारीची डोळ्यांत तेल घालून वाट बघताहेत. त्या गाडीवर यांची सही आहे. तक्रार आली की दोष काटकसरीचा नाही, तपासनिसाचा ठरतो. तुझा वकील तुला घरी पाठवील, आणि तोच कागद यांनाही घरी पाठवील.

हे म्हणतात, सही माझी, चूक माझी, अण्णांनी खरं तेच लिहावं. दोन दिवस नीट जेवले नाहीत. तू काय लिहावंस ते मी सांगत नाही. धाकट्या बहिणीने सांगायचं नसतं, असं तूच शिकवलंस.

तुझी वासंती

आर्थर रोड तुरुंग, २३ ऑक्टोबर

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्त्यावरून ओळखलं असशील, तक्रार लिहिली नाही.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, हॉर्न बिघडला होता का? मी उभा राहिलो. म्हटलं, "हॉर्न मीच दाबून धरला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी." ते म्हणाले, पाऊण तास? हात दुखला नाही? म्हटलं, दुखला, साहेब. वकिलांनी कपाळावर हात मारला, मागच्या बाकांवर टाळ्या झाल्या. आठ दिवसांची शिक्षा.

इथे मला मान फार. काल आल्याआल्याच भाषण करायला लावलं. काटकसरीवर बोललो, लोकांना ते सरकारवर वाटलं.

मुहूर्ताची घाई माझी होती, तिचे आठ दिवस मीच भरतो. मनमोहनरावांना जेवायला सांग. इथली आमटी खाल्ल्यापासून तुझ्या करपलेल्या आमटीची आठवण येते.

तुझा अण्णा

प्रभादेवी, २६ ऑक्टोबर

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

पेपरात तू 'मोटार-सत्याग्रही' म्हणून छापून आलास. तो पेपर खिशात घालून हे कारखान्यात गेले आणि चाळीसच्या चाळीस गाड्यांवर लाल खडूने फुल्या मारल्या. मॅनेजर ओरडायला उठले, तर दाराशी कामगार गोळा झालेले. जयवंत फिटरने नम्रपणे विचारलं, ऐरावतवाल्या अण्णांच्या मेहुण्यांना काही बोलताय का? मॅनेजर बसले. हॉर्नची पितळी स्प्रिंग परत आली. काथ्या तसाच आहे, सोंडेचा विचार चालू आहे. हे काल तीन पोळ्या जेवले.

कंपनीने तुझा हॉर्न फुकट दुरुस्त करायला माणूस धाडला होता, तर वहिनीने त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. एक तारखेला द्विभाषिकाच्या निषेधाचा मोर्चा आहे, आणि समितीने पुढे चालायला तुझी गाडी मागितलीय, हॉर्न आहे तसाच हवा या अटीवर. वहिनीने शब्द देऊन टाकला. तुला विचारायचं राहिलं.

हे त्या दिवशी सकाळी तिकडे येऊन बटण नीट अडकतं की नाही ते तपासणार आहेत. या खेपेला बघून सही करीन, म्हणतात.

सुटलास की आधी इकडे ये. माया आहेच, आमटीही राखून ठेवते.

तुझी वासंती