टोमॅटोच्या वाफ्यातली नळी

कोल क्रीक, पेनसिल्वेनिया
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय एमेट,

तू, लेक डार्ला आणि बाळ मजेत असाल. आजोबा झालास, आता तरी शिंकताना तोंडावर हात धरत जा. बाळाचे फोटो मिळाले. नाक आपल्या बाबांचं आलंय, बिचारीला.

इकडे सगळं ठीक. माझ्या डोळ्याला आराम आहे. तू सांगितल्याप्रमाणे दर दोन दिवसांनी तुझ्या बागेला पाणी घालते. काकड्या जून झाल्या, मिरच्या संपल्या, टोमॅटो मात्र आवरत नाहीत. अकरा बरण्या भरल्या. सात तुझ्या तळघरात ठेवल्यात, चार मी ढापल्या. ओटिसच्या दुधाच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, त्यामुळे सगळं गाव दोन दिवस काळी कॉफी पीत होतं. हार्लनने नेमबाजी क्लबच्या शेडला हिरवा रंग दिला. अध्यक्ष झाला म्हणून रंगाची अक्कल येत नाही.

मंगळवारी वादळ झालं. त्यात कोपऱ्यातलं टोमॅटोचं मोठं झाड आडवं पडलं, आधाराच्या काठीसकट.

उगाच पाल्हाळ लावते आहे. काय लिहायचंय ते तुला आता कळलं असेल. फोन केला असता, पण फोनवर तू हसवतोस आणि मी विसरते.

काठी म्हणून तू तिथे रायफलची नळी रोवली होतीस. त्यात नवल काहीच नाही. झिजलेली नळी टोमॅटोला लावत नाही असा नेमबाज आपल्या गावात कोण आहे? ओटिसच्या घेवड्याला पाच आहेत. मी ती उपसली, चिखल पुसला, तर आट्यांजवळ लोखंडी पंचाने ठोकलेली तीन टिंबं दिसली, माझी खूण. तिसरं वाकडं.

ते वाकडं का आहे हे जगात आपल्या दोघांनाच माहीत. माझी हातोडी निसटली तेव्हा तू म्हणाला होतास, "असू दे गं, चोरी झाली तर ओळखायला बरं."

मी वाफ्यातच बसले, एमेट. चिखलात. किती वेळ ते माहीत नाही.

गेला सगळा हिवाळा डोळ्यापुढे आला. जूनमधल्या आपल्या कडक्यांच्या, रिकाम्या खिशाच्या नेमबाजांच्या, सामन्याचा नियम तुझ्याइतका कोणाला पाठ आहे? रायफल आठशे डॉलरच्या आत बांधायची आणि प्रत्येक पावती क्लबच्या फळ्यावर टाचायची. जुनी रायफल आपण गहाणवटीच्या दुकानातून आणली. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेल्या मेपलच्या फळ्या चिकटवून मी दस्ता कोरला. नळी कुणा चॅम्पियनने टाकून दिलेली. तू तिचं झिजलेलं टोक लेथवर कापलंस आणि बाकीची माझ्या हातात दिलीस. गजावर शिशाचा गोळा ओतून, त्याला घासायची पेस्ट लावून, मी ती आतून सहा आठवडे घासली. तळघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. एकाच ठिकाणी शिसं अडायचं ते अडायचं थांबलं, त्या दिवशी मी तुला कामावर फोन केला होता. आठवतंय? तू म्हणाला होतास, "म्हातारे, तू तर माझा धंदा बसवशील!"

जूनमध्ये डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले, तेव्हा रायफल आठवडाभर तुझ्याकडे होती. "स्क्रू तेवढे तपासून ठेवतो," म्हणालास. आल्यावर साफ करायला घेतली, तर लोण्यातून सुरी जावी तशी चिंधी आतून गेली. मला वाटलं, हे माझ्या हाताचं यश. मी स्वतःवरच खूश झाले. इतकी मूर्ख बाई पेनसिल्वेनियात दुसरी नसेल.

आणि मग मी पहिली आले. प्रत्येक कागदावर पाच गोळ्यांचं एकच भोक, त्यावर शर्टाचं बटण ठेवलं तर झाकेल असं. लोक विचारायला लागले तेव्हा तू सगळ्यांसमोर ओरडलास, "डोळा! सगळी डोळ्याची कमाल! मोतीबिंदू काढल्यावर आमची मांजरसुद्धा नेम धरेल!" मी हसले. तूही हसलास. तुझ्या त्या हसण्याची मला आता किळस येते.

मंगळवारी घरी जाऊन रायफल दस्त्यातून सोडवली. तू बसवलेल्या महागड्या नव्या नळीवरही तीन टिंबं आहेत. तिन्ही सरळ, नीट ओळीत. नळी बदललीस, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण माझी खूणसुद्धा ठोकलीस? पंच हातात धरताना तुला काहीच वाटलं नाही?

का केलंस, याचा पाच दिवस विचार करते आहे. आधी वाटलं, कीव आली असेल. अडुसष्ट वर्षांची बहीण, एकटी, डोळ्यावर पट्टी, हरली तर खचेल. पण जुलैपासून नऊ जणांनी तुझ्याकडे रायफली बांधायला दिल्या. सगळे एकच म्हणतात, "व्हर्नासारखी करून दे." हे मला लिहायचं नव्हतं. लिहिलं.

शिवाय जुन्या नळीच्या दोन्ही तोंडांना तू मेण भरलं होतंस. आतून डाग नाही, गंज नाही. म्हणजे तिची किंमत तुला माहीत होती. फेकून देववली नाही तुला, तरी माझ्यापासून लपवायला ती जमिनीत घातलीस.

गुरुवारी तुझ्या वर्कशॉपचं कुलूप उघडलं. तुझ्याच व्हाइसच्या पकडीत धरून माझी नळी परत बसवली. शुक्रवारी पहाटे, वारा नसताना, मैदानावर गेले. जूनसारखेच पाच कागद, प्रत्येकावर पाच गोळ्या. मग शेडमध्ये जाऊन फळ्यावरच्या जूनच्या आकड्यांशी ताडून पाहिलं.

ओटिस पहिला. हार्लन दुसरा. मी तिसरी.

दिवस वेगळा होता, मला कळतं. तरीही तिसरी, एमेट! फेकून दिलेल्या नळीने, माझ्या ओट्याच्या लाकडाने, माझ्या हाताने. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरावा असं काहीतरी मी केलं होतं, आणि ते तू मला कळूच दिलं नाहीस. पहिला नंबर देऊन तू माझा तिसरा नंबर चोरलास.

काल बक्षिसाचा बिडाचा तवा घेऊन ओटिसकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने तवा उलटा करून पाहिला.

"यात काही केलंस का?"

"तीन महिने रोज सकाळी स्क्रॅपलच्या मांसवड्या तळल्या."

"मग चांगला मुरला असेल," म्हणाला. मग टोपी काढून डोकं खाजवत विचारलं, "व्हर्ना, आणि हे केलं कोणी?"

"रायफल माझ्या नावावर होती. बाकीचं ज्याचं त्याने सांगायचं."

त्याने टोपी परत घातली. त्याच्या बायकोने मला ॲपल पाय बांधून दिला, घरी न्यायला अख्खा. जूनमध्ये तिने नवऱ्याला महिनाभर चिडवलं होतं, "ऑपरेशन झालेल्या म्हातारीने हरवलं तुला!" काल तिला माझ्याकडे बघवेना आणि मला तिच्याकडे.

आज सकाळी क्लबमध्ये उभी राहून मी पहिला नंबर परत केला. हार्लनने फळ्यावरून माझं नाव पुसलं. तिसरं लिहिता येत नाही, नियम नाही तसा. मी मागितलंही नाही. तुझं नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांना कळलंय. तू अठ्ठावीस तारखेला परत येतोस, त्या दिवशी क्लबची बैठक आहे. नऊ जण तुझी वाट बघत असतील. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी मागच्या बाकावर असेन, तुझ्याशेजारी नाही.

किल्ली कुंडीखाली ठेवली आहे. यापुढे पाणी शेजारची मुलं घालतील. पडलेलं झाड जगलं आहे, काळजी नको. त्याला तुझी ती नवी, महागाची नळी आधाराला लावली आहे.

मेण भरलेलं नाही.

तुझी थोरली बहीण, आणि जूनच्या सामन्यात तिसरी आलेली,
व्हर्ना