अकरा नळ्यांवर माझंच नाव

तीर्थरूप मामांना नमस्कार,

किती झोपलं म्हणजे माणूस पुन्हा कामाचा होतो? मला सांगता येणार नाही, आणि घरातली पहिली पदवीधर मीच, तेव्हा विचारायचं कुणाला हाही प्रश्नच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम (हे वाक्य पत्र संपेपर्यंत टिकलं तर).

आमच्या रक्त तपासायच्या लॅबमधली माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मी बाणेदारपणे सांगून टाकलं, दोन्ही पाळ्या मीच करीन. पेशंटला ताटकळावं लागू नये, हे तत्त्व. (पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते हेही होतं, पण ते तत्त्वात धरत नाहीत.) एकोणीस दिवस रेटलं. विसाव्या दिवशी पेशंटच्या नावाच्या जागी मी स्वतःचंच नाव लिहिलं, ओळीने अकरा नळ्यांवर. म्हणजे त्या एका सकाळी मी गरोदर होते, मला मधुमेह होता आणि प्रोस्टेटची शंकाही होती. अकरा जणांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. एक आजोबा हात पुढे करून म्हणाले, "घे बाई, पण या वेळी माझं म्हणून घे." मी हसले, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडले.

साहेबांनी दोन दिवस घरी धाडलं. पहिल्या दिवशी चौदा तास झोपले, दुसऱ्या दिवशी अकरा. (आईने दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिलं.) तिसऱ्या दिवशी अशी टवटवीत गेले, की आमच्या सीनियर ताईंनी आधीच तपासून ठेवलेल्या रक्ताच्या ज्या वीस स्लाइड माझी नजर पारखायला पुढ्यात ठेवल्या, त्या मी गुणगुणत उरकल्या. चार चुकल्या.

"पण ताई, मला तर एकदम ताजं वाटतंय."

"तीच तर भीती आहे. दमलेली होतीस तेव्हा निदान दोनदा बघायचीस."

पाचव्या दिवशी तीन चुकल्या, आठव्या दिवशी दोन. ताजेपणा दोन रात्रींत परत आला, नजर मात्र अजून वाटेत कुठेतरी रेंगाळते आहे. आणि साहेब म्हणतात, "ठणठणीत दिसतेस, सोमवारपासून रिपोर्टवर सही कर. कायम व्हायचंय ना?"

तुमची भाची

ता. क. खरं काम हे, की कायम होणं तीन महिने लांबलं, हे आईला तुम्ही सांगा. मी कायम झाले असं तिचं शेजारी सांगून झालंय.

आणखी एक. साहेबांची समजूत घालायला येऊ नका. एकही स्लाइड चुकेनाशी होईपर्यंत सही करणार नाही, असं आज सकाळीच लिहून दिलं. पोचही घेतली.