सात्यांची जागा

'रोग बरा होतो' हे शब्द खोडले आणि पेन खाली ठेवला, माय. बचतगटाच्या बायका धानाच्या तणसावर अळिंबी पिकवतात. "मॅडम, तुम्ही मराठी शिकवता, फायदे एका पानात लिहून द्या," म्हणाल्या. प्रथिने चांगली, चरबी नावाला, तंतूंमुळे पोट साफ राहतं, उन्हात थोडा वेळ ठेवली तर ड जीवनसत्त्व वाढतं. एवढंच ठेवलं. रानातली अळिंबी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नये, हेही लिहिलं. मग तुझी रानातली अळिंबी, तुझ्या सात्या आठवल्या आणि पुढे लिहवेना.

बोडीच्या पाण्यापलीकडचं वारूळ तुला आणि शेजारच्या मावशीलाच ठाऊक होतं. पावसाळ्यात त्यावर सात्या उगवल्या की तुम्ही दोघी जायचात, मला सोबत घेऊन. तू हलक्या हाताने खुडायचीस, वारुळाला धक्का लागू द्यायची नाहीस. "वारूळ राह्यलं त सात्या राह्यते," म्हणायचीस. पळसाच्या पानांवर दोन सारखे वाटे पडायचे. घरी लसूण-मिरचीत ती भाजी शिजली की मटण आणल्यासारखी आम्ही भावंडं चुलीभोवती बसायचो.

सातवीत सरांनी फळ्यावर प्रथिनांचे पदार्थ लिहिले. दूध, अंडी, मटण, डाळ. आमच्या घरी त्यातली डाळच असायची. मी उभी राहून म्हणाले, "सर, सात्या." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर आहे तिचं," म्हणाले आणि डाळीखाली लिहिलं. मधल्या सुट्टीत पोरं मागे लागली. "फेकून राह्यली. कुठी भेटते, सांग बरं?" मी सांगितलं. रविवारी त्यांनी सात्या तर नेल्याच, खाली काय आहे ते पाहायला वारूळही लोखंडी सब्बलीने खणलं. पुढच्या पावसाळ्यात तिथे काहीच उगवलं नाही.

हातपंपावर तू मावशीला अडवतेस. मी तुझ्यामागे पाण्याचा गुंड घेऊन उभी आहे.

"तुह्याबिगर कोणाले ठावूक होतं?"

"मी काऊन सांगू वो? मले सात्या नोको होत्या का?"

"मंग काय माह्या पोरीनं सांगतलं?"

मावशी माझ्याकडे बघते. मी गुंड पंपाखाली ठेवते आणि हापसू लागते. तो भरून वाहू लागतो तरी हापसतच राहते. त्या दिवसापासून तू तिच्या अंगणात पाय ठेवला नाहीस. धानाच्या रोवणीला जायचीस तर तिच्यापासून चार बायका सोडून उभी राहायचीस.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी नोकरीला लागलेली होते. मावशी दारात आली, हातात झाकलेलं भांडं. "डॉक्टरनं ताकदीचं खाऊ घाला म्हणतलं ना तिले? सात्या आहे. दूरून आणल्या." आतून तू म्हणालीस, "ने म्हणा वापस." आठ दिवस तू पेजेशिवाय काही घेतलं नव्हतंस. एक वाक्य बोलले असते तर कदाचित तू दोन घास खाल्ले असतेस. मी भांडं परत दिलं. ते अजून गरम होतं.

तू गेल्यावरही मी मावशीला सांगितलं नाही. भीती वाटायची, असं स्वतःला समजावत आले. खरं कारण त्याहून लहान आहे. सरांनी माझा शब्द फळ्यावर लिहिला, तो दिवस मला नासवायचा नव्हता. हे पान बचतगटाला द्यायच्या कागदांत जाऊ नये म्हणून वेगळं ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच पान घेतलं आहे, माय. सकाळी मावशीकडे गेले. तिला आता कमी ऐकू येतं. "जोरानं बोल, बाई," म्हणाली. मी जोराने सांगितलं. सून भांडी घासायची थांबली.  मावशी म्हणाली, "मायले सांगतलं होतं का?"

मी नाही म्हणाले.