बैलानं मोडलेली चूल

माय, हे तुला कधीच पोचणार न्हाई म्हणूनच लिहू शकतोय. घरात कुणाला सांगायची माझी अजून हिंमत न्हाई.

निजामाच्या अमलातली गोष्ट. परतूरला आपल्या मागच्या खोलीत कुंभार पिंपळगावचं एक जोडपं किरायानं राहायचं, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचं. माझं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी अट घातली, पोरीला वेगळी खोली पाहिजे. मी त्यांना तीनदा सांगितलं, खोली खाली करा. ते हलेनात. कापसाचा मोसम सरेपर्यंत राहू द्या, काकूनं शब्द दिलाय, एवढंच त्यातला नवरा म्हणायचा. शब्द तूच दिला होतास, म्हणून मी तुझ्यावरही चिडायचो. वकील म्हणाला, अदालतीत गेलात तर साल जाईल. मला तर लग्नाची घाई झालेली.

मंग एकदा ते दोघं गावी गेले आणि तू शेतावर. त्यांच्या पडवीतली चूल मी लाथा घालून फोडली. चूल मोडणं म्हणजे अपशकुन, मोडकी चूल बघून कोणतीच बाई तिथं थांबायची न्हाई, हे मला बराबर ठाऊक होतं. वर आपला बैल सोडून पडवीत हाकलला. काय ती माझी अक्कल!

तू बैलाला शिव्या घातल्यास. दुसऱ्या दिवशी माझ्याकडूनच माती आणवलीस, स्वतः कालवून नवी चूल घातलीस, हळदकुंकू वाहिलंस. ते परतल्यावर त्याच्या बायकोपुढं हात जोडलेस. "बैल सुटला गं पोरी. माझंच ध्यान न्हवतं."

मी तिथंच उभा. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. तिनं ती चिंधी बघितली, मंग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या काकू," ती तुला म्हणाली, "मुक्या जनावराला काय बोल लावायचा?"

सकाळी ते सामान घेऊन गेले. तो मोसम त्यांनी जिनिंगच्या आवारात पत्र्याखाली काढला म्हणे. तुझ्या हातच्या त्या चुलीवर माझा संसार सुरू झाला. तू मात्र त्या बैलाला मरेपर्यंत दोन दाव्यांनी बांधत राहिलीस, आणि मी रोज ते बघायचो.

शेवटच्या दुखण्यात तू एकदा माझा हात धरून विचारलंस, "त्या पोरीची चूल खरंच बैलानं मोडली का रे?"

मी हो म्हणालो. आज विचारलंस तरी दुसरं काही म्हणेन, याची मला खात्री न्हाई.