चार शुभवर्तमाने आणि किन्हीराजाचा बिबट्या

३ जानेवारी १९५४
आजपासून संशोधन. वाशीमच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावले आहे. (नेहमीचे वक्ते आजारी पडले, पण ते गौण.) विषय मीच सुचवला : 'चार शुभवर्तमानांचा ऐतिहासिक पाया'. (म्हणजे बायबलातली येशूची चार चरित्रे; मुळात ग्रीक.) आमच्या किन्हीराजा गावात या विषयावर बोलणारा दुसरा माणूस नाही. पाद्रीसाहेबांकडून माहितीची एक चोपडी आणली. संक्रांतीपर्यंत ग्रीक शिकून घेणार.

७ जानेवारी
चोपडी निम्मी वाचली. विषय हातात आला. येशूनंतर तीस-चाळीस वर्षे सगळे तोंडीच चालले. मग मार्काने आधी लिहिले, तेही थोडक्यात. मत्तय आणि लूक यांनी त्याच्यावरून बरेच उचलले. शाळेत आम्ही याला कॉपी म्हणायचो. योहानाचे वेगळेच. प्रश्न असा, की चार माणसे सांगतात तेव्हा खरे कोणते धरायचे?
ग्रीक रहित. अक्षरे नीट नाहीत.

११ जानेवारी
अंघोळ करताना कल्पना सुचली. प्रयोग करायचा. एक खरी घटना घ्यायची, चार साक्षीदारांकडून वेगवेगळी लिहून घ्यायची आणि सभेत ताडून दाखवायची. घटना अर्थात तीन वर्षांपूर्वीची. भर दुपारी आमच्या गोठ्यात बिबट्या शिरला आणि मी त्याला नुसत्या काठीने हाकलले. लेकीच्या लग्नात ही हकीकत मी व्याह्यांना सविस्तर सांगितली होती. ते, म्हणजे कामरगावचे रामधनजी, व्याख्यानाला येणार. मुद्दाम निरोप पाठवला.
साक्षीदार : शेजारी पुंजाजी, तांड्यावरचा लालसिंग, समोरची हिरीबाई आणि सौ.

१३ जानेवारी
पुंजाजी झाला. म्हणतो, बिबट्या कायचा, पट्टेदार वाघ होता, शेपूट निंबाच्या फांदीले लागत होतं. उत्तम साक्ष. पुढे म्हणाला, "अन् दौलतभाऊ, तुमी ज्वारीच्या कणगीत उडी मारली." चूक. मी कणगीच्या बाजूने पवित्रा घेतला होता. चहा देऊन पुन्हा विचारले. पुन्हा कणगी. वय झाले आहे त्याचे.

१५ जानेवारी
लालसिंग म्हणतो तडस होता, तोही लंगडा. "मी आलो तवा तुमी कणगीत होते." हे पुंजाजीवरून उचलले, उघड आहे. मार्क आणि मत्तय. फक्त त्या दोघांचे बैलावरून भांडण आहे आणि चार वर्षांत एकमेकांशी शब्द नाही. कॉपी कशी झाली, विचार चालू.

१८ जानेवारी
हिरीबाई चिडली. "वाघ कुठचा? माहा पिवळा कुत्रा होता तो. भाकर हुडकाले गेला होता." मग काठी कोणी मारली, असे मी विचारले. म्हणाली, काठी तं बाहेरच पडेल होती, तुमी आतून वरडून राह्यले होते. कशाच्या आतून, हे मी विचारले नाही. तिने सांगितले.
शत्रुपक्षाची साक्ष. बाद.

१९ जानेवारी
सौ. हीच आपला योहान, वेगळे सांगणार याची खात्री होती. भाकरी थापत होती. "मले काहून विचारून राह्यले? मीच तं वरून पाण्याचा तांब्या देला तुमाले." मग भाकरी उलटून म्हणाली, लग्नात तुमी सांगत होते, तवा मी मधात बोलली का?
नव्हती बोलली. तशी नोंद घेतली.

२४ जानेवारी
तयारी पूर्ण. जनावर कोणते यावर चौघांचे एकमत नाही, म्हणून चौघेही अविश्वसनीय, म्हणून माझीच हकीकत उरते. बिनतोड.

३१ जानेवारी
व्याख्यान झाले. गर्दी चांगली. साक्षी फक्त जनावरापुरत्या वाचल्या आणि निष्कर्ष मांडला. टाळ्या पडल्या.
मग अध्यक्ष पाद्रीसाहेब उठले. फार सौजन्याने म्हणाले, बारीकसारीक गोष्टींत फरक असला तर साक्षीदारांनी संगनमत केलेले नाही असे समजतात, आणि मुख्य गोष्ट जुळली तर ती धरून चालतात. शिवाय आपल्याच माणसांना कमीपणा आणणारे कोणी मुद्दाम रचत नाही. येशूला धरले तेव्हा शिष्य पळून गेले, हे त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवले आहे. तेव्हा दौलतरावांनी चारही साक्षी पूर्ण वाचाव्यात.
वाचल्या. सभा तांब्यापर्यंत कशीबशी गप्प होती. व्याह्यांकडे मी पाहिले नाही.
मोटारीपाशी तेच आले. तुम्हाला वाईट वाटले असेल, असे मी म्हणालो. म्हणाले, "वाईट कायचं? आमाले लग्नातच मालूम होतं. हिरीबाईनं सांगतलं होतं. तुमचं मन कायले मोडा म्हून आमी ऐकून घेतलं."
गाडी सुटेपर्यंत ते माझ्याजवळच उभे राहिले.

२ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. पद्धत बरोबर होती, घाई नडली. शुभवर्तमाने तीस-चाळीस वर्षांनी लिहिली गेली. तोवर डोळ्यांनी पाहणारी माणसे कमी होत आली होती. मी तीनच वर्षांत हात घातला. आता थांबणार. माझे वय अठ्ठावन्न, पण आमच्या घराण्यात आयुष्य असते.
संध्याकाळी पुंजाजी दिसला. तुरीच्या तुऱ्हाट्यांचा मोठा भारा डोक्यावर घेऊन टेकाड चढत होता. दम लागलेला नव्हता.