‘शिळं पाणी’ या शब्दाचा खुलासा

आज शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५ रोजी मी, दादासो संभाजी पांढरे, वय ५५ वर्षे, धंदा फोटोग्राफी, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण दहावी नापास. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या, म्हणून तो वापरलेला नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. माझी पत्नी सौ. सारजा ‘कशाला असलं अभद्र लिवताय’ म्हणून रडली, तेवढाच काय तो दबाव. आणि तोही मी लिहू नये यासाठी होता.

कलम १. निमगाव केतकी येथील बाजारतळालगतचे राहते घर, पुढच्या स्टुडिओच्या गाळ्यासह, मी स्वकष्टाने बांधले. ते सारजाच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्या पश्चात मुलगा सूरज आणि सून स्वरूपा या दोघांच्या नावे निम्मे निम्मे. ‘दोघांच्या’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. तो कोणी ‘सूरजच्या’ असा वाचू नये.

कलम २. कळस येथील माझ्या खरेदीची वीस गुंठे जमीन मुलगी योगिनीस. डार्करूममधले एन्लार्जर आणि तिन्ही जुने कॅमेरेही तिलाच. लहानपणी लाल दिव्याखाली ती तासन्‌तास न बोलता उभी राहायची. कागदावर माणूस उमटताना बघायचे तर गप्प राहावे लागते, हे तिला न सांगता कळले होते. बँकेतील ठेव सारजाची.

कलम ३. माशांची टाकी. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. दोनशे लिटर पाणी बसते. काच मी स्वतः चिकटवली. एकोणीस वर्षांत थेंब गळलेला नाही.

पहिल्या वर्षी मासे एकामागून एक मेले. बारामतीच्या एका दुकानदाराने औषधाची छोटी बाटली दिली. यात काय असते, विचारले. म्हणाला, “फोटोवालं, इंग्लिशमधी लिवलंय ते. तुमी नुसतं थेंब टाका की!” मी बाटली घरी आणली आणि शब्दकोश घेऊन बसलो. जे नाव निघाले त्याचे खडे माझ्या डार्करूममध्ये अर्धी गोणी पडून होते: हायपो. फोटो पक्का करायला आम्ही जे पाण्यात विरघळवतो, तेच नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारते. त्या दुकानदारास माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये. मात्र तो विचारायला आला तर माझ्या माशांच्या नोंदवहीची झेरॉक्स द्यावी. मराठीत आहे.

कलम ४. पद्धत. गावच्या नळाच्या टाकीत क्लोरीनची पावडर टाकतात ती माणसांच्या भल्यासाठी, आणि ती टाकलीच पाहिजे. पण आपण ते पाणी पितो. मासा त्यातून श्वास घेतो. क्लोरीनने त्याचे कल्ले भाजतात. म्हणून नळ आला की परसातली दोन निळी पिंपे भरावीत. झाकण लावू नये, फडके बांधावे. दोन दिवस उघड्यावर राहू द्यावे. मग वाटीभर पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकावेत. पिवळे पडले तर अजून थांबावे. घाई असेल तर शंभर लिटरला एक ग्रॅम हायपो, वास उग्र असल्यास दोन. खडेच घ्यावेत, फोटोच्या तयार पुड्यात आम्ल असते, ते चालत नाही. एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी बदलू नये.

हे सर्व वहीत एकोणीस वर्षे लिहिलेले आहे. पिंपावर लिहिलेले नव्हते.

कलम ५. निवेदन. हे कलम मी चार वेळा फाडले.

सन २०२२, गौरी जेवणाचा दिवस. छातीत दुखल्यामुळे मी तीन दिवस बारामतीच्या एका दवाखान्यात होतो. स्वरूपा आमच्या घरात येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. तिचे माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. सकाळी मी तिला फोन केला. बोलणे शब्दशः असे झाले:

“स्वरूपा, माशांचं शिळं पाणी हाय का गं?”

“व्हय मामा, शिळंच हाय. चार दिस झालं.”

“मग बदल.”

“समदं बदलू?”

“बदल, बदल. नर्स आली, ठिवतो.”

माझ्या तोंडी शिळं पाणी म्हणजे पिंपात ठेवून क्लोरीन उडालेले पाणी. ते तयार आहे का, एवढेच मला विचारायचे होते. तिच्या तोंडी, आणि आमच्याकडच्या कोणत्याही बाईच्या तोंडी, शिळं पाणी म्हणजे नळ आला की अंगणात ओतून द्यायचे पाणी. माझी आई रोज हेच करत असे. स्वरूपाने टाकी उपसली, पिंपेही ओतली, सगळे घासले, आणि सणाचा दिवस म्हणून नळाचे ताजे पाणी भरले. तिने हे मी घरी येणार म्हणून केले होते. काच इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती.

दुपारी मी आलो तेव्हा अकराही मासे वर तरंगत होते. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणालो, “हिच्या हातात जीवच टिकत न्हाय.”

‘मामा, तुमीच म्हणाला की’, एवढे ती बोलली असती तर मी तिथेच गप्प झालो असतो. तिने पुढच्या बाईला कुंकू लावले. आठ दिवसांनी ती सूरजबरोबर बारामतीला भाड्याच्या खोलीत गेली, ती आजवर परत आलेली नाही. फोन तिने उचलला तर म्हणते, “मामा, ह्यास्नी देते.”

गेल्या वर्षी सारजाने सांगितले, “आखाडात तिचं तीन महिन्यांचं गेलं व्हतं. तुमाला कुणी सांगितलं न्हवतं. आन्‌ तुमी तिला ते बोलला.”

ते मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण ‘बदल’ मी म्हणालो होतो, हे मला त्याच संध्याकाळी आठवले होते. तीन वर्षे मी ते कोणाला सांगितलेले नाही, सारजालाही नाही. शेजारच्या कुशाबाई अजून विचारतात, “दादासो, मासं मारून गेली ती सून आलीच न्हाय व्हय?” आणि मी हसतो.

चूक स्वरूपाची नव्हती. माझी होती. ती मी तिच्या नावावर राहू दिली.

कलम ६. टाकी, पिंपे, हायपोचे खडे, वजनकाटा आणि वही स्वरूपाची. तिने घेतलेच पाहिजे असे नाही. नको असल्यास तिने मोडीत घातले तरी कोणी ‘का’ विचारू नये. वहीत ‘शिळं पाणी’ असे एकशे सतरा ठिकाणी होते. प्रत्येक ठिकाणी मी ते खोडून ‘दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी’ असे लिहिले आहे.

कलम ७. येथवरचा मजकूर वाचून वकीलसाहेब म्हणाले, “दादासो, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं. तोवर तिला कसं कळणार?”

मी म्हणालो, “म्हणून तर हितं लिवलं.”

त्यांनी चष्मा काढला आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला. मग माझी मान खाली गेली.

म्हणून हे कलम वाढवले. मृत्युपत्रातले काही आज लागू होत नाही असा कायदा आहे, तो मला मान्य. परंतु कलम ५ ची नक्कल मी वेगळ्या कागदावर उतरून घेतली आहे. सही होताच ती घेऊन मी इथून, इंदापुरातून, बारामतीच्या गाडीने निघणार. निमगाव वाटेतच लागते. आधी तिथे उतरून कुशाबाईंच्या ओट्यावर, गल्लीला ऐकू जाईल अशी वाचणार; कारण बोललो होतो ते गल्लीत. मग पुढच्या गाडीने बारामती. स्वरूपाच्या दारात उभा राहून वाचणार. आत बोलवावे अशी अपेक्षा नाही.

तिने दार उघडले नाही, ऐकले नाही, माफ केले नाही, तरी वर तिच्या नावे लिहिलेल्यातले काहीही कमी होणार नाही. ही अट नसून अट नसल्याची नोंद आहे.

लिहून ठेवणार: दादासो संभाजी पांढरे (सही)

आम्ही दोघांनी दादासो यांना आमच्यादेखत सही करताना पाहिले. या मृत्युपत्रातून आम्हांस काही मिळत नाही.

साक्षीदार १: ज्ञानेश विठ्ठल राऊत, निमगाव केतकी (सही)

साक्षीदार २: बापूसाहेब रामचंद्र शेंडे, कळस (सही)

स्थळ: इंदापूर. दिनांक: १४/११/२०२५. वेळ: सकाळचे ११.४०. गाडी १२.१० ची आहे.